दोन ओळींचा शेजारी

भुसावळच्या उन्हाला पूर्वी वेळेचे भान होते. दहा-अकराला ते गल्लीत शिरायचे, पाचच्या सुमाराला काढता पाय घ्यायचे, आणि मग माणसे अंगणात सडा मारून खाटा टाकायची. शैलजाबाई फालकांना ते दिवस लख्ख आठवत. आता ऊन मार्चमध्ये येई आणि जूनपर्यंत मुक्काम ठोकून बसे. दिवस मावळल्यावरही भिंतीला हात लावावा तर तव्याचा चटका. दर उन्हाळ्यात शहरातली काही म्हातारी माणसे त्यात जात. आरडाओरडा न होता जात. दार आतून बंद असे, एवढेच.

म्हणून तर फेरीताई आल्या होत्या. उष्मा मंडळाने नेमलेल्या या बायका दिवसातून तीनदा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची दारे वाजवत, नाडी बघत, समोर बसून पाणी पाजत. रेणुकानगरातल्या या गल्लीची फेरीताई होती नसीमा तडवी. एप्रिलमधल्या एका सकाळी ती आली आणि खांद्यावरची पिशवी न उघडताच सिंधूवहिनींच्या ओट्यावर बसली.

सिंधूवहिनी बोंडे शैलजाबाईंच्या लागूनच राहत. दोन्ही घरांची मधली भिंत एकच. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. दोघींना एकमेकींना हाक मारायची असली की स्वयंपाकघरातून उलथण्याने भिंत वाजवायची, हा त्यांचा जुना रिवाज. घरात दोन-दोन फोन आले, दाराला कॅमेरे आले, पण उलथणे काही सुटले नाही.

"आजची फेरी शेवटची, काकू," नसीमा म्हणाली.

"का व? दुसरं लगन करू राहिली का?"

नसीमा हसली. "या वयात कोण करतं माझ्याशी? बदली झाली. तुमच्या गावातल्या सगळ्या फेऱ्या बंद. तुमचा शेजार-अंक राज्यात पहिला आला ना."

"पहिला?" वहिनींनी शेजारी बसलेल्या शैलजाबाईंकडे पाहिले. "म्हंजे तुझ्या पोरीच्या यंत्रानं पास केलं आपल्याले? मंग पेढे आण ना व!"

शैलजाबाईंनाही बरे वाटले. न वाटायला काय झाले? यंत्र त्यांच्या केतकीचे होते.

केतकी पुण्यात भाषेच्या संशोधनात होती आणि तिच्या गटाने केलेल्या यंत्राचे नाव होते 'संगती'. त्यामागची कल्पना तिने आईला पोळ्या लाटता लाटता समजावली होती. माणूस संगतीवरून ओळखावा, तसाच शब्दही. 'चहा' या शब्दाच्या आसपास कप, साखर, टपरी, गप्पा हे शब्द घोटाळतात. 'काढा'च्या आसपास आले, ताप, आजी. यंत्र लाखो पाने वाचते आणि प्रत्येक शब्दाला एका अदृश्य नकाशावर जागा देते. ज्यांची ऊठबस सारखी, ते शब्द जवळ. ज्यांची नाही, ते लांब. वर्षावार वाचत गेले तर एखादा शब्द या नकाशावर चालताना दिसतो. एका मोहल्ल्यातून उठून दुसऱ्यात राहायला जातो.

केतकीने एकच साधा शब्द धरला होता : शेजारी. मोठ्या शहरांच्या वर्तमानपत्रांत तो एके काळी 'बारसे', 'खांदा', 'धाव' यांच्या घोळक्यात असायचा. पुढे तो 'पार्किंग' आणि 'तक्रार' यांच्याजवळ गेला. अलीकडे तर 'दुर्गंधी' आणि 'कुलूप तोडून' यांच्या शेजारी जाऊन बसला होता. मासिकांतही तेच. आधी पाककृतींच्या पानावर 'शेजारच्या मावशींनी शिकवलेले लोणचे' असे. नंतर मनाच्या तक्रारींच्या सदरात 'शेजाऱ्यांच्या आवाजाने झोप येत नाही, काय करू?' असे.

हा नुसता अभ्यासकांचा छंद राहिला असता. पण डॉक्टरांना एक गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. म्हाताऱ्या शरीराला तहान कळत नाही, घाम थांबला तरी ते कळत नाही, डोके भ्रमते आणि माणूस स्वतःहून मदत मागत नाही. त्यामुळे उन्हाच्या लाटेत ज्याचे दार कोणी वाजवत नाही, तो आधी जातो. कूलर असो वा नसो. आता दार वाजवणारे कुठे आहेत आणि कुठे नाहीत, हे कसे कळावे? विचारून कळत नाही. मी शेजाऱ्याकडे ढुंकून बघत नाही, असे तोंडाने कोण सांगेल? केतकी म्हणाली, लोक खोटे बोलतील, पण बातम्यांतला शब्द खोटे बोलणार नाही. तो लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना येतो. मंडळाला ते पटले. गावाच्या बातम्यांत 'शेजारी' हा शब्द मदतीच्या शब्दांच्या जितका जवळ, तितका त्या गावाचा शेजार-अंक जास्त. जिथे अंक कमी तिथे फेरीताई, जिथे जास्त तिथे शेजारी आहेतच.

आणि भुसावळची पाने यंत्राला मिळवून दिली होती ती शैलजाबाईंनीच. 'दैनिक तापीकाठ'मध्ये त्यांची उभी हयात गेली. मालकांच्या गोदामातले जुने अंक, जुन्या लुगड्यांत बांधलेले, त्यांनी मालकांच्या नातवाला गळ घालून बाहेर काढले होते. अजूनही त्या घरबसल्या संध्याकाळी गल्लीवार बातम्यांचे पान तपासत. बातम्या आता यंत्रच लिही, त्याच जुन्या अंकांवर शिकून. शेवटची नजर तेवढी माणसाची.

"हे बघा, छापलंय पण," नसीमाने मंडळाची घडीपत्रिका काढून दिली. आत भुसावळचे कौतुक होते आणि नमुन्याची काही वाक्ये. 'शेजाऱ्यांनी वेळीच धाव घेतल्याने अनर्थ टळला.' 'आवाज ऐकताच शेजारी मदतीला धावले.' 'शेजाऱ्यांच्या सतर्कतेमुळे कुटुंब बचावले.'

वाचता वाचता शैलजाबाईंच्या नाकात एकदम गोंदाचा वास आला.

"काय झालं व? तोंड कामून उतरलं?" वहिनींनी विचारले.

"काही नाही. ऊन लागलं."

नसीमा जाताना दोघींच्या पाया पडली. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे वहिनी बराच वेळ पाहत राहिल्या. "पोरगी मोठी गुणाची," एवढेच म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात देऊन आत गेल्या.

शैलजाबाई 'तापीकाठ'मध्ये लागल्या तेव्हा बातम्यांचा मजकूर गुळगुळीत कागदाच्या लांब पट्ट्यांवर निघायचा. भिका मिस्तरी त्या पट्ट्या कात्रीने कापून मोठ्या पानावर गोंदाने चिकटवायचा. पानाचा साचा ठरलेला, पण बातम्या कमीजास्त भरायच्या. रकान्याच्या तळाशी एखाद-दोन ओळींची मोकळी जागा राहिली की मिस्तरी ओरडायचा, "साहेब, भोक पडलं!" आणि मुख्य उपसंपादक नाफडेसर मान वर न करता म्हणायचे, "एक शेजारी लाव."

मिस्तरीपाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात 'शेजाऱ्यांनी धाव घेतली' अशा ओळींच्या, आधीच छापून, कापून ठेवलेल्या पट्ट्या असत. आग असो, विहिरीत पडणे असो, सापाचे चावणे असो, शेजारी कुठेही बसायचा. तो कोणाच्या आड येत नसे, कोणी त्याचा खुलासा मागत नसे. छापखान्यात हसायचे सगळे. मिस्तरी म्हणायचा, "आपल्या गावात आग कमी अन् शेजारी जास्त."

हे सारे शैलजाबाई साफ विसरल्या होत्या. माणूस डाळीतले खडे विसरतो तसे.

त्याच संध्याकाळी त्यांनी केतकीला फोन लावला आणि डब्याची गोष्ट सांगितली. केतकी आधी हसलीच.

"आई, काय भन्नाट माणसं होती गं! पण काळजी करू नकोस. तेच तेच वाक्य पुन्हा आलं तर आम्ही ते एकदाच मोजतो."

"ते तेच नसायचं. नाफडेसरांचा दंडक होता, एक शेजारी आठवडाभर पुन्हा दिसता कामा नये. डब्यात परोपरीचे शेजारी असायचे. संकटाचे वेगळे, आनंदाचे वेगळे."

केतकीचे हसू थांबले. "हे फक्त 'तापीकाठ'मध्ये?"

"माणसं या पत्रातून त्या पत्रात जायची, बाळा. हात तोच. कोणाच्या डब्यात शेजारी, कोणाच्या डब्यात 'परिसरात हळहळ'. मोठ्या शहरांतली पत्रं आधी संगणकावर गेली, तिथं भोकं पडेनाशी झाली. आपल्याकडे डबा फार वर्षं चालला."

केतकी हुशार होती. तिला पुढचे सांगावे लागले नाही. म्हणजे शहरांत शेजारी कमी झाला तो माणसे बदलली म्हणूनच असे नव्हे. आणि लहान गावांत तो टिकला तो माणसे टिकली म्हणूनच असे नव्हे. आणि आज बातम्या लिहिणारे यंत्र त्याच पानांवर शिकलेले.

"मंडळाला सांगायला हवं," शैलजाबाई म्हणाल्या.

"सांगेन. पावसाळ्यानंतर फेरतपासणी आहे, तेव्हा मी स्वतः मांडेन. आत्ता तोंड उघडलं तर सगळा प्रकल्पच गुंडाळतील, आई. जिथं अंक कमी आहे आणि बायका खरोखर जीव वाचवतायत, तिथल्या फेऱ्यासुद्धा जातील. तुला हवंय का ते?"

"आणि इथं?"

"तिथं तू आहेस ना! वहिनीकाकूंना तुझ्याहून चांगली फेरीताई कोण मिळणार? आणि अख्खी गल्ली आहे."

मुलीचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. चूक नसलेल्या गोष्टीला धरून राहणे सोपे जाते. शैलजाबाई गप्प बसल्या आणि रोज तीनदा भिंत वाजवू लागल्या. पलीकडून उलथण्याचे उत्तर आले की निश्चिंत होत.

एके दिवशी सकाळी वहिनींनी कपाटाच्या तळातून बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा काढला. आत तळाशी चुराच उरला होता.

"किती वर्सं झाली व, बिबडे करून?"

पूर्वी उन्हाळ्यात गल्लीत रोज एका घरचे बिबडे असत. पहाटे ज्वारीचा घाटा शिजायचा, गच्चीवर जुने लुगडे पसरायचे, आणि साऱ्या घरच्या बायका थापायला हजर. ज्या घरची पाळी त्या घरच्या बाईने बाकीच्यांना गरम घाटा वाटीभर, वर तेल घालून द्यायचा. आता पहाटेही गच्चीवर पाय ठरत नसे. आणि ठरला असता तरी कोण येणार होते? झोप्यांकडचा पराग घरूनच काम करी, त्याचे दार दिवसातून एकदा सामान घ्यायला उघडे. पलीकडचे भारंबे सकाळी गाडीच्या थंडाव्यात बसून जात ते दिवेलागणीला येत. चांगली माणसे होती दोन्ही. सणासुदीला गल्लीच्या गटावर फुलांची चित्रे पाठवत.

मे महिन्यात पुण्याला 'संगती'च्या गटाचा सत्कार ठरला. केतकीने आईलाही व्यासपीठावर बोलावले होते, जुने अंक जपून मिळवून दिले म्हणून. शैलजाबाईंनी आधी नाही म्हटले. मग त्यांच्या मनात आले की मंडळाचे अध्यक्ष तिथे समोर असतील. दोन शब्द बोलायला सांगतीलच. तेव्हा डब्याची गोष्ट सांगून टाकायची. हसत हसत सांगितली तरी कळायचे त्याला कळेल.

"दोन दिवसांनी येते, वहिनी. फोन उशाशी ठेवा. पाणी प्या. मी गटावर सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"दोन दिवसांत काय मी पळून जाऊ राहिली? जाय तू. पोरीचा सत्कार रोज होतो का? अन् ते पांढरं पातळ नको नेसू, जांभळं नेस. चारचौघांत उठून दिसलं पाहिजे." मग मागून हाक आली, "येताना मले आलेपाक आणजो व!"

स्टेशनात गाडीत बसल्यावर शैलजाबाईंनी गट उघडून पाहिला. 'सिंधूवहिनी एकट्या आहेत, कृपया लक्ष ठेवावे,' या त्यांच्या निरोपाखाली अंगठ्यांची रांग लागली होती. भारंबे, झोपे, कोपऱ्यावरचे वारके, सगळ्यांचे अंगठे. त्यांना हायसे वाटले.

सत्कार थंडगार सभागृहात झाला. अध्यक्ष छान बोलले. महाराष्ट्राच्या लहान गावांत माणुसकी अजून जिवंत आहे, हे आता शास्त्राने सिद्ध केले, असे म्हणाले; टाळ्या पडल्या. मग शैलजाबाईंना ध्वनिक्षेपकापाशी नेले. त्यांनी समोर पाहिले, मग वळून केतकीकडे पाहिले. केतकी हसत होती, पण मांडीवरच्या तिच्या दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या. दहावीच्या निकालाच्या दिवशी ती अशीच बसली होती.

"मुलीचं कौतुक वाटतं," शैलजाबाई म्हणाल्या. "जुने अंक वाया गेले नाहीत, याचा आनंद आहे." आणि जागेवर येऊन बसल्या.

जेवताना केतकीने आईच्या ताटात आपल्या हाताने जिलबी वाढली. शैलजाबाईंनी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीतून त्यांनी वहिनींना फोन लावला, तो लागला नाही. परागला लावला. तो म्हणाला, कालपासून आपल्या भागाची डीपी जळाली आहे, वीज नाही, मोबाईलचा मनोराही बंद पडला होता. तो तर मित्राच्या घरी मुक्कामाला गेला होता. "पण काकूंकडे भारंबेकाका बघणार होते," तो म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली तेव्हा वहिनींच्या दारात चपला होत्या. चपलांवरून शैलजाबाईंना कळले.

सकाळी दूधवाल्याला आदल्या संध्याकाळची पिशवी दारात फुटून आंबलेली दिसली, त्याने पोलिसांना बोलावले. वहिनी स्वयंपाकघरात मधल्या भिंतीपाशी पडल्या होत्या, हाताशी उलथणे. भिंतीचा पोपडा एका जागी पार उडून आतली वीट दिसत होती. कितीदा वाजवले असेल, कोण मोजणार? पलीकडच्या घराला तर कुलूप होते. डोके भ्रमले की माणसाला कोण गावाला गेले आहे तेही आठवत नाही. किंवा आठवतही असेल, दुसरे कोणी ऐकेल असे वाटले असेल.

पराग ओट्याशी उभा होता. डोळे लाल. "मला खरंच वाटलं, भारंबेकाका बघतील. त्यांचा अंगठा माझ्या आधी होता."

भारंबे खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, पराग दिवसभर घरीच असतो."

कोणावर ओरडावे, हे शैलजाबाईंना सुचेना. आलेपाकाचा पुडा पिशवीतच राहिला.

अंत्यविधी आटोपून, न्हाऊन त्या घरी बसल्या होत्या. वीज आली होती. रोजच्या वेळेला हातातल्या पडद्याच्या पाटीवर गल्लीवार बातम्यांचे पान तपासायला आले. त्यांनी बंद करायला हात नेला, तोच रकान्याच्या मध्यावर नाव दिसले.

'रेणुकानगर येथील रहिवासी सिंधू मधुकर बोंडे (८२) यांचे उष्माघाताने निधन झाले. शेजाऱ्यांनी तातडीने धाव घेतली. मात्र तोपर्यंत त्यांची प्राणज्योत मालवली होती.'

शैलजाबाईंनी दुसरे वाक्य पुसले. पडद्यावर खाली सूचना आली : रकान्यात दोन ओळी कमी पडत आहेत. सुचवलेला मजकूर – 'शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना रुग्णालयात हलविण्यात आले.'

त्यांनी तेही पुसले. यंत्राला राग येत नाही. त्याने तिसरे दिले : 'मनमिळाऊ स्वभावाच्या सिंधूताईंच्या निधनाबद्दल शेजाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली.'

हे अगदीच खोटे नव्हते. परागचे डोळे त्यांनी पाहिले होते. बोट क्षणभर थबकले. भिका मिस्तरी असता तर म्हणाला असता, बाई, लावा आता, गाडी चुकेल अंकांची. नाफडेसरांनी मानही वर केली नसती.

शैलजाबाईंनी तेही पुसले आणि स्वतः टंकले :

'शेवटपर्यंत त्या भिंत वाजवत होत्या. कोणीही शेजारी आला नाही. शेजारीण शैलजा फालक सत्कारासाठी पुण्याला गेली होती.'

दोन ओळींत चपखल बसले. पडद्यावर हिरवी खूण उमटली. त्यांनी पान पुढे पाठवले.

सकाळी केतकीचा फोन आला. आवाज बसला होता. वहिनींचे तिला कळले होते, ती रडलीही असावी. "आई, पेपरात हे काय लिहिलंस तू?"

"दोन ओळी कमी पडत होत्या."

"असं स्वतःचं नाव घालून..."

"तुझ्या यंत्रानं वाचलं का ते?"

"वाचलं." केतकी म्हणाली. "पण त्यानं काही होत नाही, आई. हजारो वाक्यांत एक. अंक जागचा हलला नाही. तुमचं गाव अजून पहिलंच आहे."

खिडकीबाहेर सकाळचेच ऊन पांढरे पडले होते. कोपऱ्यावरच्या घरात वारक्यांची आई होती. गटावर अंगठा देणारा तिचा मुलगा नागपूरला. त्यापलीकडे शाळेतून निवृत्त झालेले सरोदे मास्तर. शैलजाबाईंनी चपला पुढे ओढल्या.

"यंत्राला नको सांगू. अध्यक्षांना सांग."

"मी म्हटलंय ना तुला, पावसाळ्यानंतर मी..."

"केतकी," शैलजाबाई म्हणाल्या, "मे अजून अर्धा बाकी आहे."

केतकीने फोन ठेवला नाही. तो तसाच चालू कानाशी धरून त्या गल्लीत उतरल्या आणि वारक्यांचे दार वाजवू लागल्या.